उणे 14 अंशांना पाऊस? लँड मॉडेलमधल्या थंड पावसाचे काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. हिमाचलमधल्या लाहौल-स्पितीतल्या चंद्रा खोऱ्यासाठी सीएलएम-5 हे लँड मॉडेल (जमीन, माती आणि बर्फ यांतल्या पाण्याचा व ऊर्जेचा हिशेब करणारे संगणकीय मॉडेल) ऑफलाइन, म्हणजे वातावरणाच्या मॉडेलशी न जोडता, चालवले आहे. हवामानाचे फोर्सिंग, म्हणजे बाहेरून पुरवायचे तापमान, वृष्टी वगैरे आकडे, डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलच्या रनमधून तासागणिक दिले आहे. 'डब्ल्यूआरएफमध्ये मायक्रोफिजिक्स (ढगातल्या थेंबांचे आणि हिमकणांचे गणित) आहे, मग त्याचाच पाऊस आणि त्याचाच बर्फ वापरू' असे ठरवून दोन्ही वेगवेगळे वाचायला लावले आणि सीएलएमचा पाऊस-बर्फ फेरवाटणीचा (तापमानावरून नव्याने वाटण्याचा) स्विच बंद केला. आता जानेवारीत हवा उणे 14 अंश असताना जमिनीला पाऊस मिळतो, बर्फाच्या वरच्या पदराचे तापमान शून्यापर्यंत चढते, भर हिवाळ्यात रनऑफला (वाहून जाणाऱ्या पाण्याला) शेंडे येतात आणि बर्फ निरीक्षणापेक्षा कित्येक आठवडे आधी संपतो. कोणीतरी सल्ला दिला आहे की शून्याखाली सगळा बर्फ आणि वर सगळा पाऊस अशी एक ओळ कोडमध्ये टाक आणि मोकळा हो. टाकू का?

इतक्यात नको. त्या ओळीने आलेख सुधारेल, पण पाऊस आला कुठून हे कायमचे झाकले जाईल. शिवाय ती ओळ पावसाचे नाव बदलते, त्याच्याबरोबर आलेली ऊर्जा कुठे जायची हे ठरवत नाही. या विषयात खरा हिशेब त्या ऊर्जेचाच असतो.

आधी उगम शोधू. उणे 14 ला पाऊस निसर्गात अगदीच होत नाही असे नाही. ढगातले थेंब उणे 38 अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूपात टिकू शकतात आणि अतिशीत रिमझिम शून्याच्या बरीच खालीही पडते. वर उबदार हवेचा पट्टा आणि खाली थंड हवा अशी रचना झाली की फ्रीझिंग रेन, म्हणजे जमिनीला लागताच गोठणारा पाऊस, पडतो. 1998 च्या जानेवारीत माँट्रियलच्या परिसरात तो दिवसेंदिवस पडत राहिला आणि विजेचे मनोरे आडवे झाले. पण चंद्रा खोऱ्यात जानेवारीत, दिवसाला काही मिलिमीटर, तोही पुन्हा पुन्हा? हे बघून मी निसर्गाकडे नाही, प्रीप्रोसेसिंगच्या (फोर्सिंग तयार करणाऱ्या) स्क्रिप्टकडे बघेन.

डब्ल्यूआरएफच्या आउटपुटमध्ये 'रेनएनसी' नावाचे एक चल आहे. नावात रेन आहे, पण तो पाऊस नव्हे. ती ग्रिड-स्तरावरची एकूण वृष्टी आहे: पाऊस, बर्फ, ग्रॉपेल (मऊ बारीक गारांसारखे कण), सगळे धरून. 'स्नोएनसी' हा त्याचाच एक भाग आहे आणि त्यात बर्फ व हिमस्फटिक येतात. रेनएनसी पावसाच्या रकान्यात आणि स्नोएनसी बर्फाच्या रकान्यात टाकला की हिवाळ्यातला बर्फ दोनदा मोजला जातो, एकदा बर्फ म्हणून आणि एकदा 'थंड पाऊस' म्हणून. पडताळा पाच मिनिटांचा आहे. सीएलएममध्ये 'रेन-फ्रॉम-एटीएम' आणि 'स्नो-फ्रॉम-एटीएम' ही दोन हिस्ट्री फील्ड्स (आउटपुटमध्ये नोंदली जाणारी चले) असतात, म्हणजे फेरवाटणीपूर्वी वातावरणाकडून नेमके काय मिळाले ते. उणे 5 पेक्षा थंड तास निवडा आणि एकावर एक प्लॉट करा. ठिपके एकास एक रेषेवर बसले तर चोर सापडला.

वजाबाकी केलेली असेल तर दुसरी जागा बघा. रेनएनसीमधून फक्त स्नोएनसी वजा केला तर उरलेल्यात 'ग्रॉपेलएनसी' तसाच राहतो आणि तो पाऊस म्हणून खाली जातो. डोंगरउतारावर हवा चढते तिथे अतिशीत थेंब हिमकणांना चिकटून ग्रॉपेल भरपूर बनते, त्यामुळे सपाट प्रदेशात न जाणवणारी ही चूक हिमालयात ठसठशीत दिसते. मायक्रोफिजिक्स स्कीममध्ये गारांसाठी वेगळे चल असेल तर तेही वजा करा.

तिसरी जागा 'रेनसी', म्हणजे क्युम्युलस स्कीमकडून (ग्रिडपेक्षा लहान ढगांचा अंदाज करणाऱ्या भागाकडून) आलेली वृष्टी. तिला अवस्थाच (द्रव की घन) नसते, नुसता एकूण आकडा मिळतो. तो सरसकट पावसात मिळवला तर थंड पाऊस हमखास. तुमचे डोमेन 3-4 किलोमीटरचे असेल आणि क्युम्युलस स्कीम बंद असेल तर ही काळजी नाही. नसेल तर फक्त रेनसीपुरती वाटणी तापमानावरून करा आणि रेनएनसीची अवस्था आहे तशी राहू द्या.

ही चले रन सुरू झाल्यापासून साचत जाणारी बेरीज असतात, तासाची नव्हेत. सलग दोन तासांतला फरक घ्यायचा आणि रीस्टार्टच्या ठिकाणी तो ऋण येत नाही ना ते पाहायचे. ईआरए-5 हा जागतिक हवामानाचा डेटासेट वापरणारेही दुहेरी मोजणीच्या खड्ड्यात पडतात. तिथे एकूण वृष्टीत हिमवृष्टी आधीच धरलेली असते, दोन्ही मीटरमध्ये असतात, आणि वजाबाकीत फाइल पॅकिंगमुळे शून्याच्या किंचित खालचे आकडे येतात. ते शून्यावर छाटा.

आणखी एक बारकावा. तापमान कुठले दिले आहे? दोन मीटरवरचे तापमान दिले आणि मॉडेलला संदर्भ-उंची 30 मीटर सांगितली, तर हिवाळ्यातल्या खोऱ्यात, जिथे रात्री थंड हवा तळाशी साचते, तिथे काही अंशांची गल्लत सहज होते. मग 'उणे 14 ला पाऊस' यातला उणे 14 हाच आकडा संशयास्पद ठरतो. तापमान आणि वृष्टी एकाच पातळीवरून, एकाच वेळेची घ्या. डाटा-ॲटमॉस्फिअर (सीएलएमला फाइलीतले हवामान पुरवणारा भाग) सहसा तापमान वेळेत रेषीय पद्धतीने भरते आणि वृष्टी जवळच्या वेळेची उचलते. तासागणिक फोर्सिंगमध्ये हे खपून जाते, सहा तासांच्या फोर्सिंगमध्ये दुपारचा पाऊस संध्याकाळच्या थंडीत जाऊन पडतो.

समजा हे सगळे निस्तरले आणि तरी थोडा थंड पाऊस उरला. उरेलच. कपल्ड (वातावरणाच्या मॉडेलशी जोडलेल्या) रनमध्ये तर वातावरणाचे मॉडेलच तो पाठवते. सीएलएमच्या विकासकांनी फेरवाटणीची सोय घातली ती उगाच नाही. अशा वेळी जमिनीच्या मॉडेलने काय करायचे?

एक किलो पाणी गोठताना 3,33,700 जूल बाहेर पडतात. आता तुमच्या जागेवर 100 मिलिमीटर जलतुल्य (वितळला तर इतके पाणी होईल असा) बर्फ साचला आहे, उणे 14 अंशांचा, आणि त्यावर दिवसभरात 10 मिलिमीटर पाऊस पडला असे धरा. पाणी वरच्या पदरात शिरते आणि पुढच्याच टाइमस्टेपला मॉडेल ते गोठवू लागते. 10 मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला 10 किलो पाणी. ते पूर्ण गोठले तर दर चौरस मीटरला 33.4 लाख जूल सुटतात. 100 किलो बर्फ एक अंशाने तापवायला सुमारे 2.1 लाख जूल लागतात. म्हणजे ही उष्णता सगळा थर जवळजवळ 16 अंशांनी वर न्यायला पुरेशी आहे. थर 14 अंश चढून शून्यावर येतो आणि तरी मिलिमीटरभर पाणी न गोठता उरते. दिवसभराची सरासरी काढली तर हा 39 वॅट प्रति चौरस मीटरचा हप्ता झाला. हिवाळ्यात बर्फावरचा निव्वळ प्रारण (येणाऱ्या आणि जाणाऱ्या किरणांच्या ऊर्जेतला फरक) बहुतेक वेळा उणेच असतो, त्यात हा हप्ता किती मोठा आहे ते लक्षात घ्या. एका चुकीच्या दिवसाने महिनाभर साठवलेली थंडी खर्च होते. बर्फाच्या वरच्या पदराचे तापमान शून्याला चिकटते ते यामुळे. 'क्यूस्नोफ्रीझ' हे फील्ड, म्हणजे थरात पाणी गोठण्याचा दर, काढून बघा. जानेवारीत तिथे शेंडे असतील आणि ते तुमच्या थंड पावसाच्या तासांशी जुळतील.

गंमत म्हणजे खऱ्या, कोमट पावसाची स्वतःची उष्णता यापुढे किरकोळ असते. 5 अंशांचा 50 मिलिमीटर पाऊस शून्य अंशाच्या बर्फावर पडला तर थंड होताना तो जेमतेम 3 मिलिमीटर बर्फ वितळवतो. पावसाने बर्फ झपाट्याने वितळतो तेव्हा मोठा वाटा दमट वाऱ्याचा आणि बर्फावर होणाऱ्या संघननाचा असतो. त्यामुळे 'पाऊस किती गरम' यावर वाद घालण्यापेक्षा 'पाऊस गोठला कुठे' हे विचारावे.

नुकसान तापमानावर थांबत नाही. सीएलएममध्ये ताज्या हिमकणाची प्रभावी त्रिज्या थंडीत साधारण 55 मायक्रॉन धरली जाते, शून्याजवळ 200 च्या आसपास. थरात पुन्हा गोठलेल्या पाण्याला मात्र 1000 मायक्रॉनची त्रिज्या दिली जाते. कण मोठे झाले की नजीकच्या अवरक्त पट्ट्यात बर्फ काळवंडतो आणि जास्त ऊन शोषतो. जानेवारीत याची झळ कमी लागते, पण मार्च-एप्रिलचे ऊन त्याच पृष्ठभागावर पडले की तुमचा बर्फ आधी का संपतो ते कळते. नवा हिमवर्षाव झाला तर हे झाकले जाते, पण थंड पाऊस बर्फाच्या वाट्याचेच पाणी पळवत असेल तर तेवढे झाकणही मिळत नाही.

आणि रनऑफचे शेंडे? जिथे बर्फ सेंटिमीटरभरापेक्षा कमी आहे तिथे मॉडेल बर्फाचा वेगळा पदर उभाच करत नाही, पाणी थेट मातीत जाऊ बघते. माती गोठलेली असते. गोठलेल्या मातीत पाणी मुरण्यावर सीएलएम घातांकी ब्रेक लावते, माती बर्फाने भरत गेली की जलवाहकता मूळच्या दहा लाखाव्या भागापर्यंत खाली येते. मग पाणी जाणार कुठे, वरून वाहून जाते. वारा लागणारे उघडे उतार जिथे जिथे, तिथे हा शेंडा. खऱ्या चंद्रा नदीत जानेवारीत असा पूर कोणी पाहिलेला नाही.

आता फेरवाटणीच्या स्विचकडे येऊ. तो चालू असला की सीएलएम-5 पाऊस आणि बर्फ एकत्र करते आणि तापमानावरून नव्याने वाटते: हिमनदी सोडून इतर जमिनीवर 0 अंशाखाली सगळा बर्फ, 2 अंशांवर सगळा पाऊस, मध्ये सरळ उतार. हिमनदीवर हीच टोके उणे 2 आणि 0. त्यात एक गोष्ट तुम्हाला सुचवलेल्या त्या एका ओळीत नाही. पावसाचा बर्फ केला तर गोठण्याची उष्णता कोणाला तरी द्यायला हवी. वातावरणाने पाणी द्रव म्हणून पाठवले तेव्हा ती उष्णता त्याच्याकडे अजून सुटलेली नव्हती. म्हणून मॉडेल ती सेन्सिबल हीट (हवेला थेट तापवणारी उष्णता) म्हणून वातावरणाकडे परत पाठवते, आणि बर्फाचा पाऊस केला तर तेवढीच तिथून काढून घेते. 'एफएसएच-प्रेसिप-कन्व्हर्जन' या फील्डमध्ये हा व्यवहार नोंदलेला असतो. स्विच बंद असेल तर हीच उष्णता बर्फाच्या थरात जाते. स्विच चालू की बंद, हा निवाडा म्हणजे 3,33,700 जूल वातावरणाला द्यायचे की बर्फाला, एवढाच आहे.

ऑफलाइन रनमध्ये वातावरण फाइलीत बंद असते, त्यामुळे परत पाठवलेली उष्णता हवेत विरते, कोणाच्या तापमानात भर पडत नाही. बर्फाच्या दृष्टीने ते ठीक आहे. फक्त ऊर्जा-संतुलन तपासताना हे पद विसरू नका, नाहीतर थंड दिवशी काही डझन वॅट कुठे हरवले म्हणून दोन रात्री जागाल. कपल्ड रनमध्ये मात्र ती खरोखर खालच्या हवेत जाते आणि हवा तापवते. एका ओळीचा जुगाड कपल्ड रनमध्ये कधीच करू नये तो याचसाठी: ऊर्जा शून्यातून निर्माण होते किंवा नाहीशी होते आणि शतकभराच्या रनमध्ये ती साचत जाते.

तर तुमच्यासाठी स्विच चालू की बंद? वर सांगितलेल्या तिन्ही जागा दुरुस्त झाल्या असतील तर माझे मत बंदच्या बाजूने आहे. फेरवाटणी एकूण वृष्टी घेऊन नव्याने वाटते, त्यामुळे डब्ल्यूआरएफने ढगातून जमिनीपर्यंत कण वितळवत आणला त्या सगळ्या माहितीवर पाणी पडते. फोर्सिंग अर्ध्या अंशाच्या ग्रिडचे, फक्त एकूण वृष्टी देणारे असते तर मी डोळे झाकून चालू ठेवला असता. मधला मार्गही आहे. स्क्रिप्टमध्येच, फक्त ज्या तासांत वेट बल्ब तापमान (बाष्पीभवनाने हवा जितकी थंड होऊ शकते ते) उणे 3 च्या खाली आहे आणि तरी पाऊस आहे, तेवढाच पाऊस बर्फात टाका आणि किती टाकला याची वेगळी फाइल ठेवा. त्या फाइलची हंगामी बेरीज एकूण वृष्टीच्या एक-दोन टक्क्यांपुढे गेली, तर पुन्हा उगम शोधायला बसा.

वेट बल्ब म्हटले ते मुद्दाम. पडणारा हिमकण हवेच्या तापमानाला वितळत नाही. कोरड्या हवेत त्याच्यातून संप्लवन होते, तो स्वतःला थंड ठेवतो आणि वेट बल्ब तापमानाच्या जवळ राहतो. 2 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता घ्या. समुद्रसपाटीला वेट बल्ब उणे अर्ध्या अंशाच्या आसपास येतो. चंद्रा खोऱ्यात, 4000 मीटरवर, हवेचा दाब 620 हेक्टोपास्कलच्या जवळपास असतो आणि तीच हवा उणे सव्वा अंश दाखवते. कण बर्फच राहतो. सीएलएमचा उतार मात्र 2 अंशाला तो पूर्ण पाऊस ठरवतो. उत्तर गोलार्धातल्या स्थानकांच्या नोंदींवरून 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात पाऊस-बर्फाचा उंबरठा सरासरी 1 अंश निघाला, पण 95 टक्के स्थानकांवर तो उणे 0.4 पासून 2.4 पर्यंत पसरलेला होता, सागरी प्रदेशांत खाली आणि कोरड्या उंच प्रदेशांत वर. एकच उंबरठा जगभर लावायचा हट्ट मला म्हणूनच पटत नाही.

इतर मॉडेलेही एकमेकांशी सहमत नाहीत. ज्यूल्स या लँड मॉडेलला नुसती एकूण वृष्टी दिली तर ते 274 केल्विनवर कापते. नोआ-एमपी या लँड मॉडेलमध्ये पर्यायांची यादीच आहे. त्यातल्या जॉर्डनच्या सूत्रात 2 ते 2.5 अंशांमध्ये 60 टक्के बर्फ धरला जातो आणि 2.5 ओलांडताच एकदम शून्य, अशी पायरी आहे. वसंतात तापमान नेमके तिथे घोटाळत असेल तर ती पायरी तुमच्या हिमसाठ्याच्या आलेखात स्पष्ट दिसते. दोन मॉडेलांची तुलना करताना आधी दोघांना एकाच वाटणीचे फोर्सिंग द्या, नाहीतर बर्फाच्या भौतिकीची तुलना म्हणून जे छापाल ती उंबरठ्यांची तुलना असेल.

पण उंबरठ्यावर फार कीस काढण्याआधी उंची बघा. ग्रिडची सरासरी उंची आणि तुमच्या जागेची उंची यांत 1000 मीटरचा फरक असेल, आणि या डोंगरांत तो सहज असतो, तर 6 अंश प्रति किलोमीटरच्या हिशेबाने तापमानात 6 अंशांचा फरक पडतो, म्हणजे 0 ते 2 च्या उताराच्या तिप्पट. तिथे 0.5 अंशाचा उंबरठा की 1 अंशाचा, याला काही अर्थ उरत नाही. सीएलएम हिमनदीच्या स्तंभांना उंचीचे वर्ग देते आणि त्यांचे तापमान उंचीनुसार खाली-वर करते. वनस्पती असलेल्या किंवा उघड्या जमिनीला नेहमीच्या रचनेत ही सोय मिळत नाही, सगळ्या ग्रिडला एकच तापमान. 3200 मीटरवरचे गाव आणि 5500 मीटरवरचा उतार एकाच चौकटीत असले तर मॉडेलच्या दृष्टीने दोघांवर एकच काहीतरी पडते. तुमच्या डब्ल्यूआरएफचे डोमेन बारीक आहे, मग सीएलएमचे ग्रिडही तितकेच बारीक ठेवा. फोर्सिंग सरासरी काढून जाड करू नका.

हिमनदीच्या स्तंभांसाठी आणखी एक पर्याय नेमलिस्टमध्ये (मॉडेलच्या सेटिंग्जच्या फाइलीत) असतो: पावसाचा बर्फ होण्याची वेळ आली की तो बर्फात बदलायचा, की सरळ वाहून जाऊ द्यायचा. वातावरणाचे मॉडेल चुकीच्या जागी जास्त पाऊस पाडत असेल आणि तो सगळा बर्फ झाला तर हिमनदी फुगत जाते, तो धोका टाळायला दुसरी वाट ठेवली आहे. तुम्ही हिमनदीचे वस्तुमान-संतुलन (बर्फाचा जमाखर्च) काढणार असाल तर 'वाहून जाऊ द्या' निवडू नका, ते पाणी तुमच्या हिशेबातून गळून जाते.

पडताळणीसाठी चंद्रा खोऱ्यात 2016 पासून गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे 'हिमांश' हे केंद्र आहे, 4000 मीटरच्या वर. तिथल्यासारख्या उंचीवरच्या नोंदी मिळाल्या तर पर्जन्यमापकाच्या आकड्यांपेक्षा बर्फाची खोली, पृष्ठभागाचे तापमान आणि अल्बेडो (ऊन परावर्तित करण्याचे प्रमाण) यांच्याशी तुलना आधी करा. वाऱ्यात उघड्या मापकात सगळे हिमकण पडत नाहीत, निम्म्याहून अधिक निसटू शकतात, आणि ही तूट भरून काढताना जी दुरुस्ती लावतात तिच्यातही पाऊस की बर्फ हे आधी ठरवावे लागते. दुरुस्त केलेले फोर्सिंग घेऊन त्याची फेरवाटणी केली, तर बर्फासाठी फुगवलेला आकडा पाऊस म्हणून खाली उतरतो. वृष्टीच्या बेरजेवरून वाटणी बरोबर ठरवायला जाल तर याच फेऱ्यात अडकाल. पृष्ठभागाचे तापमान इथे जास्त खरे बोलते: उणे 14 च्या रात्री मॉडेलचा बर्फ शून्यावर आणि रेडिओमीटरमधून आलेला आकडा उणे 20 असेल, तर त्या रात्री मॉडेलला पाऊस मिळाला होता का ते तपासा.

क्रम असा ठेवा: आधी तो ठिपक्यांचा प्लॉट, मग ग्रॉपेल आणि रेनसी, मग संदर्भ-उंची. त्यानंतर एकाच हिवाळ्याचे दोन रन, स्विच चालू आणि बंद, आणि दोन्हींत क्यूस्नोफ्रीझ व 'एफएसएच-प्रेसिप-कन्व्हर्जन' शेजारी शेजारी. एका रनमध्ये थरात सुटलेली उष्णता दुसऱ्यात वातावरणाकडे गेलेल्या उष्णतेशी ढोबळमानाने जुळली तर तुमचा थंड पाऊस पूर्ण पकडला गेला. खूप तफावत आली तर ती फाइल आणि प्रीप्रोसेसिंगची स्क्रिप्ट पाठवा, नेमलिस्टसकट.